खोक्यावर लिहिलेला उजेड

पहिला दिवा आम्ही जानेवारीत बदलला. बाहेरच्या खोलीतला, टेबलावरचा.

"राधा, ह्या दिव्याचा उजेड उतरलाय," हे म्हणाले.

मी पाहिलं. मला तो उतरलेला वाटला नाही. पण हे एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मार्केट यार्डात ह्यांची पांढरी टोपी लांबून दिसली तरी अडते काट्यांच्या पारड्यांवरची धूळ पुसायला लागायचे. मोजण्याच्या बाबतीत ह्यांचं म्हणणं खोटं ठरलेलं मी आमच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "उतरला असेल."

उजेडाची एवढी काळजी होती ती वाचनासाठी. विश्रांतवाडीतल्या आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन होतं. अठरा वर्षं वाचक हेच. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईबापांनी ह्यांचं नाव कचरू ठेवलं होतं. ह्या नावाच्या माणसासमोर दीडशे माणसं शांत बसून ऐकतात, ह्याचं ह्यांना अप्रूप होतं. बोलून कधी दाखवलं नाही, पण उन्हाळा लागला की रोज तासभर घरी बसून पुढचं प्रकरण मोठ्यानं वाचायचे. शब्द अडखळला की ती ओळ पुन्हा पहिल्यापासून. त्या तासाला मी कुकरची शिटीसुद्धा होऊ द्यायची नाही.

दिवा आणायला चौकातल्या श्यामसुंदरच्या दुकानात गेलो. त्यानं खोकं पुढं केलं.

"घ्या काका, पाच तारे. ह्याच्या वर काही नाही."

"तारे कशाचे?"

"सरकारचे. चांगला असल्याशिवाय सरकार देतं का?"

"मी सरकारातच होतो," हे म्हणाले. "लुमेन किती ते सांगा."

श्यामसुंदरनं खोकं उलटसुलट केलं. त्यालाही ते पहिल्यांदाच शोधावं लागत होतं.

घरी आल्यावर हे मला खोकं वाचायला सांगायचे आणि मग समजावायचे. वाचायची मी, शिकवायचे हे. "वॅट म्हणजे दिवा खातो किती. लुमेन म्हणजे देतो किती. आणि तारे म्हणजे खाल्ल्याच्या मानानं देतो किती. लोक तारे मोजतात आणि समजतात, पाच तारे म्हणजे लख्ख. अगं, सात वॅटचा पाच ताऱ्यांचा दिवा बारा वॅटच्या तीन ताऱ्यांपेक्षा कमी उजेड देऊ शकतो. कमी खाऊन नेटका संसार करतो, एवढंच."

"आणि हे पंचवीस हजार तास?"

"तेवढ्या तासांनी तो बंद पडेल असं नाही. तेवढ्या तासांनी त्याचा उजेड सुरुवातीच्या सत्तर टक्क्यांवर येतो. तीस टक्के गेला की कंपनीच्या लेखी दिव्याचं आयुष्य संपलं. आपल्याला वाटतं, चालूच आहे की! इतका हळूहळू जातो, रोज बघणाऱ्याला कळत नाही."

खोक्यावरची अक्षरं बारीक होती. ती ह्यांना का वाचता येत नाहीत, असा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. चष्म्याचा नंबर तर दिवाळीनंतरच बदलून आणला होता, चष्म्याच्याच दुकानातून.

नऊशे लुमेनचा दिवा लागला. पंधरा दिवस बरे गेले. मग पुन्हा "उतरलाय". मग साडेबाराशेचा आणला. तो साडेसहा हजार केल्विनचा होता, निळसर पांढरा. त्याखाली वाचताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून चार हजार केल्विनचा, जरा पिवळसर, आणला. मार्चअखेर आमच्या कपाटात सहा दिवे होते, सगळे चालू, सगळे ह्यांच्या मते लबाड. प्रत्येकाचं खोकं हे जपून ठेवायचे. खोक्यावर कधी आणला, कधी उतरला, ते माझ्याकडून लिहून घ्यायचे.

"काका, हा बल्ब आहे, सूर्य नाही," श्यामसुंदर एकदा वैतागून म्हणाला.

"सूर्याची तक्रार असती तर तुमच्या दुकानात कशाला आलो असतो?"

"मग कंपनीला लिहा! माझं डोकं का खाता?"

ह्यांना तेवढंच हवं होतं. त्याच आठवड्यात ह्यांनी मला बसवून कंपनीला अर्ज सांगितला. वेष्टनावर छापलेला प्रकाश प्रत्यक्षात मिळत नाही, सबब ग्राहकांची फसवणूक होत आहे. खाली नाव, हुद्दा, 'सेवानिवृत्त'. सांगताना ह्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता. मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. निवृत्तीनंतर सात वर्षांत हे इतके ताठ बसलेले मी पाहिले नव्हते.

मग विहाराची पाळी आली. विहार समितीचे अध्यक्ष संपतराव, ह्यांचे जुने मित्र. त्यांनी वाचकाच्या आसनावर नवीन एलईडी पट्टी बसवून घेतली होती.

"संपत, ह्या उजेडात मी वाचणार नाही."

"अरे, सगळ्यांना दिसतंय की."

"सगळे ऐकायला येतात. वाचायचं मला असतं."

"बरं बाबा, लिहून दे किती लुमेन पाहिजेत ते. तुझ्या हाताखाली काम केल्यासारखं वाटतंय." संपतराव हसले, आणि पट्टी बदलली गेली. समितीच्या बैठकीत हे त्यावर अर्धा तास बोलले म्हणे. नंतर विहारात एका बाईंनी मला कुजबुजून विचारलं, "वहिनी, साहेबांना घरी काही काम नाही का?" मी हसून मान हलवली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

मला माहीत होतं. दिव्याचं नव्हे, ह्यांचं. मागच्या आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या शेवटच्या वाचनात, ह्यांनी एक अख्खा परिच्छेद सोडला. दर पौर्णिमेला मी अष्टशील घेते, पांढरी साडी नेसते, दुपारनंतर जेवत नाही. त्या दिवशी पोट रिकामं असलं की कान जास्त जागे असतात. अठरा वर्षं ऐकलेला मजकूर. एक ओळ संपली, ह्यांचं बोट डावीकडे पुढच्या ओळीची सुरुवात शोधायला गेलं, चाचपडलं, आणि भलत्याच ओळीवर जाऊन टेकलं. ह्यांनी तिथून पुढे वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांच्यासुद्धा.

घरी येताना बोलू म्हटलं. पण लोक पाया पडत होते, हे इतके समाधानात होते. उद्या सांगू म्हटलं. मग दिवाळी आली. मग डाव्या हाताचा चहाचा कप दोनदा सांडला, विहाराच्या पायरीला पाय अडखळला, डाव्या बाजूनं आलेल्या सायकलवाल्याला हे "दिसत नाही का रे?" म्हणून ओरडले. प्रत्येक वेळी मी फडकं घेतलं, हात धरला, सायकलवाल्याला खुणेनं जा म्हटलं. आणि जानेवारीत हे म्हणाले, दिव्याचा उजेड उतरलाय, तेव्हा मला हायसं वाटलं. दिवा असेल तर दिवाच असू दे.

रोज सकाळी वंदनेत पाच शिलं म्हणताना चौथं येतं: खोटं बोलणार नाही. मी ते इतर चारांइतक्याच स्पष्ट आवाजात म्हणायची. मी खोटं बोलले नव्हते. मी काहीच बोलले नव्हते.

जूनमध्ये निकिता आली. आमची मुलगी, खराडीला एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीची देखभाल बघते. लिफ्ट, एसी, दिवे, सगळं. कंपनीकडून अर्जाचं उत्तर आलं होतं, की आमची उत्पादनं प्रमाणित आहेत, धन्यवाद. त्यावर हे धुमसत होते.

"बाबा, भांडण कशाला? मोजू ना," निकिता म्हणाली. "आमच्याकडे लक्स मीटर असतो. दिवा देतो ते लुमेन, पानावर पडतं ते लक्स. टेबलांवर उजेड पुरतो का ते आम्ही दर सहा महिन्यांनी चेक करतो. पुढच्या रविवारी आणते."

त्या रविवारी हे सकाळपासून दाढी करून बसले होते. टेबल पुसून ठेवलं. सहाही दिवे ओळीत मांडले. कोऱ्या कागदावर रकाने आखायला लावले. मला एकदम यार्डातली तपासणी आठवली. हे असेच शांत असायचे, आणि समोरचा घामाघूम.

निकितानं पिशवीतून मीटर काढला. हातात मावेल एवढा, डोक्यावर पांढरी गोल टोपी असलेला.

"थांब," हे म्हणाले. "ह्याची पडताळणी कधी झालीय?"

"मागे स्टिकर आहे."

ह्यांनी मीटर उलटा केला, चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग निकितापुढे केला. "वाच."

"मार्चमध्ये झालीय. पुढच्या मार्चपर्यंत चालेल. प्रयोगशाळेचा शिक्का आहे, नंबर आहे."

"शिक्का आहे म्हणतेस."

"आहे, बाबा."

हे मान हलवून मागे टेकले. शिक्क्यापुढे हे बोलत नसत. आयुष्यभर लोकांना ह्यांनी शिक्क्यापुढे गप्प केलं होतं.

खिडक्यांचे पडदे ओढले. निकितानं मीटर पुस्तकाच्या पानावर ठेवला, जिथं ह्यांचं बोट फिरतं तिथं. पहिला दिवा: चारशे ऐंशी लक्स. दुसरा: पाचशे दहा. साडेबाराशे लुमेनचा: सहाशे चाळीस. मी रकान्यात लिहीत होते.

"पाहिजे किती?" ह्यांनी विचारलं.

"वाचायला तीनशे ते पाचशे पुरतात. आमच्या ऑफिसात सगळे चारशेतच बसतात. हा तर जास्तच आहे, बाबा."

"पुन्हा मोज."

तिनं पुन्हा मोजलं. सहाशे अडतीस.

"सगळे पुन्हा मोज. खालून वर."

तिनं खालून वर मोजलं. आकडे तेच आले, दोन-चारच्या फरकानं. ह्यांनी माझ्या हातातला कागद मागितला, धरला, आणि वाचल्यासारखं केलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"म्हणजे दिवे बरोबर आहेत," हे म्हणाले.

निकिता ह्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. तिनं हात पुढे केला, ह्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर, आणि बोटं हलवली. हे समोर बघत बसले होते. तिनं पुन्हा बोटं हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता.

"बाबा, उद्या मी सुट्टी काढते," ती म्हणाली. "आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"चष्म्याचा नंबर आत्ताच तर…"

"चष्म्याचं दुकान नाही, बाबा. डॉक्टर."

डॉक्टरांकडे ह्यांना एका अंधाऱ्या खोलीत बसवलं, एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवून, हातात बटण. समोरच्या पांढऱ्या वाटीत कुठंही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला दाराशी बसू दिलं होतं. ठिपके मला तिथून दिसत नव्हते. बटणाचा आवाज तेवढा येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक टक. मग पुन्हा काही नाही. तपासणारी मुलगी अधूनमधून म्हणायची, "आजोबा, झोपलात का? दिसलं की दाबा." हे म्हणायचे, "दाबतोय." आणि पुन्हा शांत. मी तिथे मनातल्या मनात गाथा म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच विसरले. आजवर कधी विसरले नव्हते.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. डॉक्टरांनी कागद दाखवला. मध्ये थोडं पांढरं, आणि कडेनं काळं, डावीकडे सगळं काळं.

"ह्यात दुखत नाही, लाल होत नाही. कडेनं आत येत येत जातं. माणसाला वाटतं, उजेडच कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून जाणवतंय?"

"जानेवारीपासून," हे म्हणाले.

डॉक्टर लिहायला लागले.

"ऑक्टोबर," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक आला की डॉक्टरांनी "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा म्हणाले, "मागच्या ऑक्टोबरपासून. आश्विन पौर्णिमेपासून. ह्यांना वाचताना ओळ सापडत नव्हती. मी पाहिलं होतं."

हे माझ्याकडे वळले. नुसती नजर वळवून मी आता दिसत नव्हते. सगळी मान वळवावी लागली.

"तेव्हा आलो असतो तर?" निकितानं डॉक्टरांना विचारलं.

"हे काही वर्षांचं आहे. पण ह्या आठ महिन्यांतही थोडं गेलं असणार. किती, ते मला सांगता येणार नाही. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी सांभाळायचं, सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर. एक दिवस चुकायचं नाही."

"वाचता येईल?"

"मोठी अक्षरं, थोडा थोडा वेळ. तासभर सलग, लोकांसमोर…" डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही.

रिक्षात निकिता पुढच्या तपासणीची तारीख बोलत होती. येरवड्याच्या सिग्नलला हे म्हणाले, "कुठला परिच्छेद?"

मी सांगितला. पहिली ओळ म्हणून दाखवली.

"अख्खा सोडला?"

"अख्खा."

"आणि घरी येताना मी काय म्हणालो होतो?"

"म्हणालात, आज वाचन चांगलं झालं."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

सिग्नल सुटला. "यार्डात एक जण माहीत असूनही गप्प बसला होता," हे म्हणाले. "खोटा काटा दुसऱ्याचा होता, हा नुसता बघत होता. मी दोघांची नावं लिहिली." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

चौकात ह्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली. निकिताचा हात धरून श्यामसुंदरच्या दुकानात गेले. मी मागे उभी राहिले.

"श्यामसुंदर, तुमचे दिवे बरोबर आहेत. मी मोजून घेतले. कंपनीला तसं लिहून कळवतो."

श्यामसुंदर आधी हसायला लागला, मग निकिताच्या हातातली दवाखान्याची पिशवी बघून थांबला. "काका, राहू द्या हो. एक नवीन आलाय, मोठा, बघता का? पैसे देऊ नका."

"नको," हे म्हणाले. "खरंच नको."

आषाढ पौर्णिमा पुढच्या आठवड्यात होती. मी सकाळी अष्टशील घेतलं. चौथ्याला माझा आवाज अडला, तरी म्हटलं. संपतराव दुपारी स्वतः आले. म्हणाले, "कचरू, नुसता येऊन बस. वाचक म्हणून नाव तुझंच राहील."

"नावाला बसायचं असतं तर मी पुढारी झालो असतो," हे म्हणाले. संपतराव हसले नाहीत. थोडा वेळ बसून, चहा न घेता गेले.

साडेसहाला मी निघाले. "चला ना," म्हटलं. हे पलंगावर बसून होते. "तू जा. तुझा नेम आहे."

विहार भरला होता. ह्यांच्या आसनावर संपतरावांची सून बसली, स्पृहा. शाळेत शिकवते. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, पुस्तक उघडलं. वर ह्यांनी मोजूनमापून लावून घेतलेला उजेड होता. पान पांढरं शुभ्र दिसत होतं, तिची बोटं दिसत होती, तिच्या बांगडीवरची नक्षीसुद्धा मला मागून दिसत होती. ती एकही ओळ न चुकता वाचत गेली. मी शेवटपर्यंत ऐकलं. एका ठिकाणी बायका डोळे पुसत होत्या. माझे कोरडे होते.

घरी आले तेव्हा हे तसेच बसले होते. संध्याकाळचे थेंब घालायचे होते. मी हात धुऊन आले, ह्यांची मान मागे टेकवली, पापणी खाली ओढली. उजव्यात एक, डाव्यात एक. डोळे मिटून, कोपऱ्यावर बोट दाबून पाच मिनिटं तसंच राहायचं, असं सांगितलेलं. मी समोर स्टुलावर बसले.

"कोणी वाचलं?" मिटल्या डोळ्यांनी ह्यांनी विचारलं.

"संपतरावांच्या सुनेनं."

"नीट?"

नीट नव्हतं म्हणावं, असं ओठांपर्यंत आलं होतं. अडखळत होती म्हणावं, तुमच्यासारखं नाही म्हणावं. एवढ्यानं ह्यांची एक रात्र बरी गेली असती.

"नीट," मी म्हटलं. "एकही ओळ सोडली नाही."

डोळ्यांच्या कोपऱ्यावर ह्यांची दोन्ही बोटं तशीच होती.

"उजेड पुरत होता?"

"पुरत होता."

पाच मिनिटं झाली, मग दहा झाली. मी सांगितलं, झाली वेळ, उघडा आता. ह्यांनी मान हलवली, पण डोळे उघडले नाहीत.